देवाला सांगायची गंमत

कवळ्या बनवणाऱ्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. एक खोली, एक खिडकी, खिडकीखाली कामाचं टेबल आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. निम्म्या गावाच्या तोंडात त्याच्या हातचे दात होते. गावानं खुशाल दात काढून हसावं आणि ज्यानं ते बसवले त्यानं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसावं, असा एकूण मामला होता.

तसा तो बायको होती तेव्हाही हसरा नव्हताच. हसण्याचं काम तिच्याकडे होतं. इतकं, की तिची स्वतःची कवळी करताना पंचाईत झाली. कवळीसाठी आधी मऊ मेणाची पट्टी चावून घ्यावी लागते; वरचा जबडा खालच्यावर कसा बसतो ते तिच्यावरून कळतं. बाई पट्टी तोंडात घ्यायची, नवऱ्याचा गंभीर चेहरा बघायची आणि फिस्सकन हसायची. चावा वाकडा. सात पट्ट्या वाया गेल्या. आठव्या वेळी तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, तेव्हा कुठे जमलं.

जेवणाआधीची प्रार्थनाही तिनं आपल्या पद्धतीची करून घेतली होती. अन्नाबद्दल आभार मानून झाले, की दिवसभरातली एक गंमत देवाला सांगायची.

"बिचाऱ्याच्या कानावर सकाळपासून रडगाणीच पडतात," ती म्हणायची. "हसू त्यानंच दिलंय ना? मग त्यातलं थोडं त्याला नको का?"

आणि सांगायची, "देवा, आज टपालवाल्याला कोपऱ्यावरच्या कुत्र्यानं अडवलं. तर त्यानं बसकण मारून कुत्र्यालाच विजेचं बिल वाचून दाखवलं. कुत्रं आकडा ऐकून निघून गेलं." मग डोळे मिटूनच विचारायची, "तुमची?"

"माझी काही नाही," तो पुटपुटायचा. "आमेन."

चाळीस वर्षांत त्याची कधी काही नव्हती. देव म्हणजे काय पारावरचा दोस्त आहे का, असं त्याला मनातून वाटायचं. पण बायकोपुढे बोलायची टाप नव्हती, आणि खरं सांगायचं तर ऐकायला गोड वाटायचं.

तिला जाऊन आठ महिने झाले होते. आता तो चुलीपाशी उभ्याउभ्याच पाव आणि उकडलेले बटाटे खायचा, प्रार्थनेशिवाय. सुरुवातीला त्यानं करून पाहिली होती. आभारापर्यंत गाडी नीट यायची आणि पुढे तिच्या जागी नुसती शांतता. ती त्याला सोसवली नाही. मुलगी दूरदेशी होती, दर रविवारी फोन करायची. "बाबा, जेवता ना वेळेवर? प्रार्थना करता ना?" "हो गं," म्हणून हा थाप मारून मोकळा.

मुलीला त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली नव्हती. इस्पितळातल्या नर्सनं बायकोची कवळी एका डबीत घालून त्याच्या हातात दिली होती. त्यानं ती कोटाच्या खिशात टाकली आणि पुढच्या दोन दिवसांच्या धावपळीत साफ विसरला. शवपेटी उघडी होती तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे धड बघायचाही त्याला धीर झाला नाही. दफनभूमीत सगळ्यांची माती लोटून झाली, डोळे पुसायला त्यानं रुमालासाठी खिशात हात घातला, तर हाताला डबी लागली.

तेव्हापासून कवळी कपाटात पाण्याच्या वाटीत होती. रोज सकाळी तो पाणी बदलायचा. जगाला दात देणाऱ्यानं स्वतःच्या बायकोला बोळकं तोंड घेऊन देवाकडे पाठवलं, हे त्याला खात होतं, आणि सांगणार कोणाला?

एके दुपारी चर्चचे पाळकसाहेब आले. तोंडावर एक हात, दुसऱ्या हातात रुमालाची पुरचुंडी. कवळी धुताना बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले होते.

"तासभर बसावं लागेल," तो म्हणाला.

पाळक स्टुलावर बसले. दातांशिवाय त्यांचे गाल आत गेले होते, हनुवटी नाकाला भेटायला आली होती. मंडळीच्या या पाळकांपुढे त्याला एरवी मान वर करायला अवघड जायचं. पण दात नसलेल्या माणसाचा कसला आलाय दरारा? "बरं चाललंय ना, भाऊ?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि यानं हातातल्या कानशीवरची नजर न हलवता डबीची सगळी हकिकत सांगून टाकली.

पाळक गंभीर झाले. पुढे सरकून ते पुनरुत्थानाबद्दल बोलू लागले. नवं शरीर, कशाचीही उणीव नसलेलं. पण दातांशिवाय प्रत्येक शब्दाबरोबर हवा आणि थुंकी उडत होती. एक थेंब नेमका याच्या चष्म्यावर. पाळकांनी बाहीनं तो पुसला आणि ते म्हणाले, "थोडक्यात काय भाऊ, तिथं तुमचा धंदा बसला म्हणून समजा." आणि सगळ्या हिरड्या दाखवत हसले.

"साहेब, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे?" त्याचा आवाज चढला.

पाळकांचं हसू मावळलं. "नाही. रडायचीच आहे. पण तिनं काय केलं असतं हो?"

त्यानं कवळी सांधली, घासली, बसवून दिली आणि दोन दिवस कडक काही खाऊ नका, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी मात्र त्या उघड्या हिरड्या डोळ्यांपुढून जाईनात. बायकोही दात काढून ठेवले की जास्तच हसायची, अख्खं बोळकं उघडं टाकून. "अगं, माझ्या धंद्याची तरी लाज ठेव!" तो चिडायचा, आणि ती आणखी जवळ येऊन हसायची. आठ महिन्यांत हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं. आठवत होतं ते फक्त मिटलेलं तोंड.

त्यानं ताट टेबलावर मांडलं, खुर्ची ओढली, डोळे मिटले. आभार मानले. पुढे नेहमीची शांतता आली. तो घसा खाकरून तिथंच थांबला. मग म्हणाला,

"देवा, आज माझी एक आहे. एक कवळीवाला होता. त्याची बायको तुझ्याकडे आली ती बोळक्यानं, आणि तिचे दात ह्याच्या खिशात. ती तुझ्या दारात उभी राहून सगळ्यांदेखत हसली असेल बघ. मी असतो तर म्हटलं असतं, अगं, धंद्याची..."

पुढचं त्याला बोलता येईना. हसू आलं होतं. सवय नसल्यामुळे ते खोकल्यासारखं निघालं, मग मोठं झालं, खांदे गदगदा हलले, आणि हसता हसता त्याला रडू कोसळलं. रिकाम्या स्वयंपाकघरात तो कितीतरी वेळ तसाच बसून होता.

शांत झाल्यावर त्यानं डोळे पुसले, पुन्हा मिटले आणि समोरच्या खुर्चीला हळूच विचारलं, "तुझी?"

त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग स्वतःच "आमेन" म्हणाला आणि गार झालेलं ताट पुढे ओढलं.