वरून आदेश

माझ्या सासूबाई साठी उलटल्यावर पोहायला शिकल्या आणि तेव्हापासून सकाळच्या वेळी त्या कोणाच्याच राहिल्या नाहीत. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी नुसतं पाण्यात चालायला सांगितलं होतं. या बाईंनी चालण्याला चारच दिवसांत रामराम ठोकला आणि सरळ हातपाय मारायला सुरुवात केली. नगरपालिकेचा तरणतलाव घरापासून दोन गल्ल्या सोडून. परत येताना ओले केस, सपाटून भूक आणि शहरभरच्या बातम्या घेऊन यायच्या. बातमीदार मी, पण बातम्या त्यांच्याकडे.

मग एक दिवस तलावाच्या फाटकाला कुलूप लागलं आणि वर पाटी आली, ‘पुढील आदेशापर्यंत बंद’. आठवडा गेला, महिना गेला, तिसराही संपत आला. सासूबाईंचे गुडघे जिन्यावर पुन्हा कुरकुरू लागले. त्याहून वाईट म्हणजे त्या गप्प राहू लागल्या. बडबड्या माणसाचं गप्प बसणं मला सहन होत नाही.

मी चौकशीला निघाले. रखवालदार म्हणाला, ‘वरून आदेश आहे.’ क्रीडा विभागातले साहेब म्हणाले, ‘वरून आदेश आहे.’ त्यांच्या वरच्या मजल्यावरचे साहेबही तेच म्हणाले. त्यांच्या वर फक्त गच्ची होती.

राहता राहिला माहिती अधिकाराचा अर्ज. पण तिथे एक गोची होती. नगरपालिकेची माहिती अधिकारी म्हणजे माझी धाकटी नणंद. एकाच घरात राहणारी, एकाच टेबलावर जेवणारी. ती मला वहिनी म्हणते आणि तिला चिडवायचं असलं की मी तिला वन्सं म्हणते.

आमच्या संपादकांना आम्ही पाठीमागे ‘कात्री’ म्हणतो. त्यांना मी सगळं आधीच सांगून टाकलं. ‘नातं लेखी कळव,’ ते म्हणाले, ‘अर्ज चारचौघांसारखा खिडकीवर दे. आणि घरात एक शब्द काढायचा नाही.’ नणंदेनेही तिच्या साहेबांना लेखी कळवलं आणि संध्याकाळी जाहीर केलं, ‘या घरात तलाव हा विषय बंद.’

‘पुढील आदेशापर्यंत?’ माझ्या नवऱ्याने विचारलं. आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की उरलेलं जेवण त्याने मान वर न करता संपवलं.

मी झोकात अर्ज लिहिला. तलाव का बंद आहे? जबाबदार कोण? ज्येष्ठांनी जायचं तरी कुठे? शेवटचा प्रश्न लिहिल्यावर तर मीच माझ्यावर खूश झाले. महिनाभराने उत्तर आलं, ‘विचारलेली माहिती अभिलेखात उपलब्ध नाही.’ खाली नणंदेची वळणदार सही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी बोलायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी तिचं ऑफिस गाठलं.

काचेच्या खिडकीपलीकडे ती बसली होती. बाजूला फितीने बांधलेल्या फायलींची चळत, कागद उडू नयेत म्हणून त्यावर पंच मशीन, आणि लोक पळवून नेतात म्हणून दोरीने बांधलेलं पेन. माझ्यामागे पाच-सहा जणांची रांग.

‘बसा,’ ती म्हणाली. सकाळीच माझी छत्री न विचारता घेऊन गेलेली बाई मला ‘बसा’ म्हणत होती.

‘मॅडम, हे काय उत्तर झालं?’

‘का आणि कशासाठी, याची उत्तरं मी तयार करून देऊ शकत नाही. कार्यालयात जे कागद आहेत तेच देऊ शकते. आदेश, पत्रं, दुरुस्तीची नोंद, तपासणीचा अहवाल. कुठला कागद हवा आणि कुठल्या काळातला, तेवढं लिहा.’

‘मग मी कुठला मागू?’

‘ते अर्जदाराने ठरवायचं.’ चेहरा अगदी कोरा. ‘पुढचे कोण?’

बाहेरच्या बाकावर मी बराच वेळ धुसफुसत बसले. मुलाखतीत समोरच्याला बोलतं करायची मला सवय. कागदाला बोलतं कसं करायचं? मग वाटलं, इतके दिवस सगळ्यांनी मला एकच गोष्ट सांगितली आहे, तर तीच मागू. तलाव बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्यावी. शेवटच्या दिवशी पंपाचं काहीतरी बिघडल्याचं सासूबाई म्हणाल्या होत्या, म्हणून पंपाच्या दुरुस्तीची नोंदही मागितली. अर्ज अर्ध्या पानात संपला. आधीच्या तीन पानी अर्जापुढे तो फारच केविलवाणा दिसत होता.

त्याचं उत्तर मी घरी स्वयंपाकघरात उघडलं. पंपाची दुरुस्ती पहिल्या महिन्यातच पूर्ण झाल्याची नोंद जोडली होती. आदेशाबद्दल एकच ओळ होती. ती वाचली मात्र, आमचा नियम मी धाब्यावर बसवला.

‘आई, बघा तुमची लेक! पुन्हा तोंडाला पानं पुसली. काय लिहिलंय ऐका. असा कोणताही आदेश अभिलेखावर आढळत नाही!’

ओरडता ओरडता माझाच आवाज खाली आला. मी ती ओळ पुन्हा वाचली. नणंद मिठाची गुळणी धरल्यासारखी भांडी पुसत होती.

‘म्हणजे बंद करा असं कुणी सांगितलंच नाही?’ सासूबाईंनी विचारलं.

‘नाही.’

‘मग मी अर्धं वर्ष घरात कुणाच्या सांगण्यावरून बसलेय?’

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या साहेबांना पुन्हा फोन लावले. या वेळी का विचारलं नाही. फक्त आदेशाची तारीख विचारली. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि बोटांच्या शेवटी रखवालदार निघाला. पंप बिघडून पाणी गढूळ झालं, तेव्हा त्यात कोणी बुडू नये म्हणून बिचाऱ्याने स्वतःच कुलूप घातलं होतं. पाटी अडगळीत पडलेली, तीच टांगली, आणि लोकांनी हुज्जत घालू नये म्हणून ‘वरून आदेश आहे’ म्हणायला लागला. पुढे पंप दुरुस्त झाला आणि सगळी नगरपालिका पुढील आदेशाची वाट बघत बसली. पहिलाच आदेश नव्हता, तर पुढचा काढणार कोण?

कात्रींनी माझी अर्धी बातमी छाटली, पण ती पहिल्या पानावर घेतली. ‘तरणतलाव बंद, आदेश कोणाचाच नाही.’ त्याच आठवड्यात कुलूप निघालं. उघडण्याचाही लेखी आदेश निघाला नाही म्हणे.

नणंदेला मात्र साहेबांनी बोलावून घेतलं आणि ऑफिसातली बातमी घरात पुरवली का, असं विचारलं. तिने नातं कळवल्याचं पत्र आणि माझे दोन्ही अर्ज त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते चाळून तिला परत केले.

तलाव उघडला त्या सकाळी सासूबाईंनी आम्हा दोघींनाही ओढून नेलं. त्या पाण्यात आणि आम्ही उथळ बाजूच्या पायरीवर, पाय बुडवून. तिथे पाणी पाहून मी इतकी खूश होते, की मनात होतं ते विचारून टाकलं.

‘वन्सं, आदेश नाहीये हे तुला कधी कळलं?’

‘तुझा पहिला अर्ज आला तेव्हाच. सगळी फाइल पालथी घातली होती.’

‘आणि तू गप्प बसलीस?’

‘क्रीडा विभागात जाऊन सांगितलं होतं गं, दोनदा. बघतो म्हणाले.’

‘अगं, मग मला सांगायचंस! एका वाक्याचं तर काम होतं.’

‘रोज रात्री आईचे गुडघे शेकताना ते वाक्य अगदी ओठांवर यायचं, वहिनी.’ ती पाण्याकडेच बघत होती. ‘पण मी सांगितलं असतं, तर नणंद-भावजयीची कुजबुज म्हणून त्यांनी ते उडवून लावलं असतं. तू मागायची वाट बघण्यावाचून काही इलाजच नव्हता.’

मी तिच्यावर दोन महिने रुसले होते आणि ही बाई रोज रात्री हे गिळत होती. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

‘तरीच,’ त्या म्हणाल्या. ‘शेकताना ही पोर माझ्याकडे बघत का नाही, तेच मला कळेना.’

त्यांनी लेकीचे दोन्ही हात धरले.

‘मला पोहता येत नाही, आई.’

‘ठाऊक आहे. आता बघ माझ्याकडे. आणि पायरी सोड.’