रसूलभाईंच्या गोळ्या

मंगळवार पेठेतल्या त्या अरुंद दुकानात ऊन उतरायचं ते कापसाच्या तंतूंतून गाळून. आणि त्या पांढऱ्या, तरंगत्या प्रकाशात रसूलभाई पिंजाऱ्यांच्या पिंजणाची तात घुमत असायची. तिच्या दोन नादांमधल्या पोकळीत त्यांचा श्वास ऐकू येई: आखूड, कोरडा, अडखळता.

सत्तरच्या दशकात मी त्यांचा डॉक्टर होतो. पाठीला नळी लावली की तळाशी, कानाजवळ केस चोळावेत तशी बारीक चरचर येई. फुप्फुसांचं मऊपण राठ होत चाललं होतं. त्यातच एका हिवाळ्यात ओठ पांढरे पडले आणि डोळे हळदीचे झाले. त्यांचं शरीर स्वतःचंच रक्त मोडत होतं. मी स्टेरॉइड सुरू केलं. बानूवैनी, त्यांची बायको, प्रत्येक गोळी दुधाबरोबर, समोर बसून देत.

दोन महिन्यांत चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा भरला. आम्हा कोल्हापूरकरांची नजर अंगावर मांस दिसलं की त्याला बळ समजते. माझीही तीच.

"डॉक्टर, आता तालमीत माझ्यासाठी जोड बघा की!" रसूलभाई म्हणाले, आणि हसता हसता खोकत राहिले.

वैनी दारातून म्हणाल्या, "ही सूज हाय, डॉक्टर. जिना चढताना अजून दोनदा बसत्यात."

"वैनी, नवऱ्याला नजर लावू नका," मी म्हणालो.

रक्ताचा रिपोर्ट चांगला होता. छातीला मी नळीसुद्धा लावली नाही. ज्या गोळ्या पायरीपायरीनं उतरवायच्या, फुप्फुसांसाठी कदाचित चालूच ठेवायच्या, त्या मी एका दिवसात बंद केल्या.

तिसऱ्या आठवड्यात डोळे पुन्हा पिवळे झाले, श्वास भात्यासारखा चालू लागला. मोठ्या दवाखान्यात त्यांना खाटेवर घेताना तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या एकदम कुणी थांबवल्या?"

"घरच्यांनी," मी म्हणालो.

वैनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलल्या नाहीत, नवऱ्याचा श्वास अजून माझ्याच हाती आहे, असं त्यांना वाटत असावं. चार दिवसांनी तो थांबला.

त्यानंतर पेठेनं ठरवून टाकलं, की बायकोच्या हयगयीनं पिंजारी गेला. वैनी तेवढं ऐकत म्हाताऱ्या झाल्या, आणि गेल्या. मी कधीच काही बोललो नाही.

गोळ्या मी थांबवल्या. बानूवैनींनी एकही चुकवली नव्हती. काळ माणसाला नेतो, त्याचा चेहरासुद्धा हळूहळू पुसतो. पण त्याच्यावर ठेवलेला खोटा ठपका मात्र, ठेवणाऱ्यानं उचलेपर्यंत, तरुणच राहतो.