घरातलं खारं पाणी

मे महिन्यात कत्तिरीचे, ऐन उन्हाच्या कहराचे, पंचवीस दिवस लागले की आमच्या तोंडियारपेटेत माणूस माणसाशी धड बोलत नाही. पूंगोडी मात्र त्या दिवसांत माशांशीसुद्धा बोलायची.

मासे दोनच. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. पुढच्या खोलीत काचेची पेटी, तिच्यात समुद्राचं पाणी आणि त्यात ही जोडी. हौस सगळी तिच्या नवऱ्याची, अमुदनची, आणि निस्तरायचं हिनं. तो जहाजावर इंजिनात कामाला. आठ महिन्यांचं सांगून गेला त्याला आता चौदा झाले. पोंगलला येणार होता, मग एप्रिलातल्या तमिळ नव्या वर्षाला, आता जूनच्या वीस तारखेला. तिनं मनाशी धरून ठेवलं होतं, की ही दोघं कत्तिरीतून तरली तर तोही येतो. हे सासूला सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली असती, माझ्या पोराचा जीव तू माशात ठेवलास होय?

पाणी तापलं की मासे गेले, म्हणून पेटीवर दिवसभर पंखा. पंख्यानं पाणी गार राहायचं, पण रोज दोन बोटं उडून जायचं. जाताना अमुदननं तिच्याच लाल नखपॉलिशनं काचेवर रेघ मारली होती. “पाणी या रेघेखाली गेलं की गोडं पाणी घाल. पाणी उडतं, मीठ मागंच राहतं,” असं बजावून गेला. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. गोडं पाणी एक दिवसाआड लॉरीनं येणार, घरटी आठ घागरी.

“आम्ही खाऱ्यानं न्हातो, केसांचा काथ्या झाला,” सासू मुत्तम्मा म्हणायची, “आणि तुझ्या जावईबापूंना गोडं.”

“ते तुमच्या लेकाचे लाडके आहेत, अत्तै.”

“मग लेकाला सांग, लॉरी घेऊन ये.”

घरात पाणी तीन तऱ्हेचं. लॉरीचं ते गोडं. अंगणातल्या हातपंपाचं ते खारं, धुण्याभांड्याचं. आणि पूंगोडीचा इथंच शहरात कामाला असलेला भाऊ महिन्याला रिक्षातून कॅन भरून आणायचा ते समुद्राचं, ते खाटेखाली. पूंगोडी तंजावरकडच्या नदीकाठची. तिच्या माहेरी पाणी म्हणजे पाणी. सासरी पहिल्याच दिवशी तिनं पंपाच्या पाण्यात डाळ शिजत घातली, ती दुपारपर्यंत शिजेना. तेव्हा अमुदननं हसत हसत तिला हाताला धरून नेलं होतं. हे गोडं, हे खारं, हे समुद्राचं, घोकून घे, म्हणाला होता. अजून तिला तो हात आठवला की काम सुचत नसे.

त्या दिवशी सकाळी अकराला वीज गेली. पंखा थांबला. लॉरीचाही दोन दिवस पत्ता नव्हता, पाणी रेघेच्या खाली गेलेलं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. बर्फ केलेल्या दोन बाटल्या पेटीत सोडल्या, त्या तासाभरात विरघळल्या. मासे वर येऊन धापा टाकायला लागले. पुढच्या गल्लीत लॉरी आल्याचं कळलं तशी दोन घागरी घेऊन ती धावली. रांगेत ऊन डोक्यावर घेत ती एवढंच म्हणत होती, आजचा दिवस काढा रे बाबांनो, आजचा दिवस.

परत आली तर उंबऱ्यापासून ओलंच ओलं. मुत्तम्मा भिंतीला टेकून गुडघा चोळत बसलेली, चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. पेटीशेजारी रिकामी बादली, आणि दोन्ही मासे तळाशी कुशीवर.

“अमुदनचा फोन आला होता. म्हटलं, वीज नाही, पाणी तापलंय. तर म्हणाला, तीन बादल्या काढ आणि तीन बादल्या खारं पाणी घाल. लगेच फोन कटला. मी पंप हापसून घातलं बघ. गारेगार.”

पूंगोडीनं हातातल्या घागरी तिथंच टेकवल्या. म्हातारीवर ओरडावं असं तोंडात आलं होतं. पण त्या दुखऱ्या गुडघ्यावर तीन खेपा केल्या होत्या तिनं. आणि चूक तिची नव्हतीच. या घरात खारं म्हणजे पंपाचंच, समुद्राचं ते समुद्राचं.

तिनं खाटेखालचे कॅन ओढले. पेटीतलं पाणी तांब्यातांब्यानं काढायचं, समुद्राचं तांब्यातांब्यानं घालायचं. सासू ताडाच्या पंख्यानं पेटीवर वारा घालत बसली. चारच्या सुमाराला मोठी मादी सरळ झाली. धाकटा पाचला हलला. तेव्हा कुठं पूंगोडी रडली, आणि सासूनं तिला रडू दिलं.

सहाला फोन आला.

“मासे?”

“आहेत.”

“तिकीट हातात आलंय. वीसला नक्की, पूंगोडी.”

चौदा महिने ज्या वाक्यासाठी ती कान लावून बसली होती, ते हेच. तिला हसावंसं वाटत होतं. पण दुपारपासून एक प्रश्न मनात होता, तोच आधी बाहेर पडला.

“अहो, आपल्या घरात खारं पाणी म्हणजे कुठलं?”

“हे काय विचारणं? समुद्राचं. दुसरं कुठलं असतं?”

ती थांबली. आता हसेल, आता डाळ आठवेल, म्हणून थांबली. पलीकडे नुसती इंजिनाची घरघर येत होती.

“ऐकतेयस ना?” त्यानं विचारलं.

“ऐकतेय. या तुम्ही.”

“काय म्हणाला?” सासूनं विचारलं.

“वीसला येतायत,” पूंगोडी म्हणाली. मग उठून तिनं आणलेल्या घागरी झाकून ठेवल्या. वीस तारखेला त्याला हाताला धरून हे सगळं पुन्हा दाखवायचं होतं, हे गोडं, हे खारं, हे समुद्राचं.