समुद्राचा श्वास आणि आमचा भोपळा

"आला! आला! श्वास आला!"

जुन्या धक्क्यावरची झाडून सगळी माणसं एकदम ओरडली आणि माझ्या पायाखालच्या फळ्या हलल्या. समोरचं शांत, हिरवट पाणी खदखदायला लागलं होतं. बुडबुडेच बुडबुडे! जणू तळाशी कुणी भलंमोठं पातेलं उकळत ठेवलंय. लोक हात जोडत होते, रडत होते, बाटल्या भरून घेत होते. माझ्या शेजारच्या आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "खरंच की हो!"

उंच खुर्चीवर श्वासमहाराज बसले होते. पांढराशुभ्र झगा, कानाला माईक, मागे भलाथोरला पडदा. मागच्या रांगांनाही महाराजांचं हसू नीट दिसावं म्हणून ही खास सोय!

"बाळांनो!" महाराज गरजले. "फुप्फुसं कुणाला नाहीत? माणसाला आहेत, माशाला आहेत..."

(माशाला नसतात. कल्ले असतात. पण महाराजांना सांगणार कोण?)

"...मग या सागराला का नसावीत? मी म्हणतो 'घे', तो श्वास घेतो. मी म्हणतो 'सोड', तो सोडतो! हे पाणी प्या, दमा वाऱ्यावर जाईल! पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. औषधावर भरवसा ठेवाल, तर श्वास रुसेल. टाका ते दम्याचे पंप पाण्यात!"

आणि टपाटप औषधं पाण्यात पडली.

मला खरं तर हसू आलं असतं. पण ते पाणी आमच्या घरी फ्रिजमध्ये होतं आणि माझी धाकटी बहीण चिमणी ते रोज पीत होती. चिमणी पहिलीत आहे. तिला दमा आहे. जिना चढताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू येते. मग ती मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायचं नाटक करते. तिच्या बुटांना नाडीच नाही, वेल्क्रो आहे!

तिचा पंप आईने महाराजांच्या सांगण्यावरून समुद्रात टाकला होता. मावशीने दुसरा आणून दिला, तोही त्याच वाटेने गेला.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, पंप बंद करायचा नाही म्हणून?"

"त्या म्हणतात, वर्षानुवर्षं पंप घे. महाराज म्हणतात, बरी करतो. आईच्या कानाला यातलं काय गोड लागेल, सांग?"

"पण आई, ते बुडबुडे एका सरळ रेषेत येतात! आणि कर्ण्यावरचं संगीत सुरू झाल्याशिवाय कधीच येत नाहीत! समुद्राला गाणं लागतं का श्वास घ्यायला?"

"दोन बुकं शिकलीस म्हणून फार शहाणी झालीस. गप बस."

आधीची मी असते तर गप्प बसले असते. वर्गात उत्तर येत असूनही बाकाखाली पेन शोधणारी मुलगी होते मी. पण या सुट्टीत मी मावशीबरोबर काम केलं होतं आणि आता माझी जीभ काही केल्या जागेवर राहत नव्हती.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती पाण्याखालचा रोबो चालवते. धक्क्यांचे खांब कुठे गंजलेत, बंदरातल्या पाइपांना चिरा गेल्यात का, तळावर किती प्लास्टिक आणि तुटकी जाळी साचलीत, हे सगळं तो कॅमेऱ्याने दाखवतो. रंगाने पिवळा, अंगाने गोल, म्हणून आम्ही त्याला भोपळा म्हणतो. त्याला दिवे आहेत, पंखे आहेत, पुढे एक चिमटा आहे आणि शेपटीसारखी लांबच लांब केबल. केबल धरायचं काम माझं. अडकली की मावशी ओरडणार आणि मी तोंड वाकडं करणार, असा आमचा कारभार. हल्ली ती मला चालवायलाही द्यायची.

गर्दी वाढली तसा बंदराचा अधिकारी घाबरला. धक्का जुना, खांब खाऱ्या पाण्यात कुजलेले. लगेच तपासणी, आणि खांब कच्चे निघाले तर मेळावे बंद, असं त्याने ठणकावलं आणि काम आलं मावशीकडे.

मला वाटलं, आता महाराज गडबडतील. छे! ते तर आणखीच फुलले.

"येऊ द्या यंत्र!" तपासणीच्या दिवशी सकाळी भरगच्च गर्दीसमोर ते म्हणाले. "श्वासापुढे ते आंधळं होईल. आणि ते आंधळेपण याच पडद्यावर सगळ्यांना दाखवा!"

मावशी माझ्या कानात पुटपुटली, "आयता पडदा दिला की बाबाने."

भोपळा पाण्यात उतरला. पडद्यावर हिरवं पाणी दिसलं, खांब दिसला, त्यावरच्या शिंपल्या दिसल्या. लोक माना उंचावून बघू लागले. तेवढ्यात महाराजांनी हात वर केले, "घे श्वास!" संगीत दणाणलं आणि पडदा बुडबुड्यांनी पांढराफटक झाला. गलक्यात मावशीने घाई केली. तिने भोपळा थेट तळावर टेकवला आणि लगेच वर उचलायला पंखे फिरवले. झालं! पंख्यांनी तळाचा सगळा गाळ उधळला. पडदा पांढऱ्याचा तपकिरी झाला.

"यंत्र आंधळं झालं!" गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला.

"म्हटलं होतं ना?" महाराज मिशीतल्या मिशीत हसले.

माझं तोंड लालेलाल. त्यात मागून ती ओळखीची शिट्टी ऐकू आली. चिमणी आईच्या कडेवर होती आणि तिचे खांदे श्वासागणिक वर उचलले जात होते. मावशीने पेटीतून नवा पंप काढून आईपुढे धरला. आईने तिचा हात बाजूला सारला.

"सगळ्यांसमोर नको. श्वास रुसेल." तिने बाटलीचं झाकण उघडलं.

"केबल खांबाला वेढे घेतेय, ती मी सोडवते," मावशी मला म्हणाली. "तू चालव."

"मी? आत्ता?"

"नाही, पुढच्या जन्मी! धर."

मी रिमोट हातात घेतला आणि काहीच केलं नाही. खरंच. पंखे बंद केले. गाळ कधी ढकलून जात नाही. त्याला हात न लावता थांबलं की पाण्याची ओढ त्याला घेऊन जाते. पाण्याखाली काम करणाऱ्यांचं हे पहिलं शिक्षण, आणि माझ्यासारख्या उतावळीला सगळ्यात अवघड.

"काय ग पोरी, झोप लागली का यंत्राला?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. मी दात आवळून बसले. मागे शिट्टी चालूच होती.

हळूहळू तपकिरी पडदा विरळ झाला. मग मी भोपळा तळापासून अलगद वर ठेवून बाजूने बुडबुड्यांजवळ नेला आणि दिवे पेटवले.

तळावर एक काळी रबरी नळी पडलेली होती. सरळसोट. तिला ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकातून बुडबुड्यांची माळ वर निघालेली.

पुढच्या रांगेतले लोक हातातल्या बाटल्यांकडे बघायला लागले.

महाराज क्षणभर अडखळले, पण मानलं पाहिजे गड्याला! "हीच... हीच ती सागराची श्वासनलिका! आज साक्षात दर्शन झालं!"

काहींनी हात जोडलेसुद्धा! मी भोपळा नळीच्या कडेकडेने पुढे नेला. नळी खांबावर चढली होती आणि लोखंडी क्लिपांनी घट्ट बसवलेली होती.

चष्मेवाले आजोबा मोठ्याने म्हणाले, "सागराच्या श्वासनलिकेला क्लिपा कुणी मारल्या हो?"

पहिल्यांदाच कुणीतरी महाराजांना हसलं. केबल सोडवता सोडवता मावशीने फळ्यांखाली बोट दाखवलं. नळी तिथून थेट महाराजांच्या खुर्चीमागच्या बोटींच्या शेडमध्ये शिरत होती. महाराज ओरडले, "अश्रद्ध पोरीचं ऐकू नका! घे श्वास, सागरा, घे!"

मी चिमट्याने नळी पकडली आणि भोपळा गर्रकन वळवला. नळी दुमडली. बुडबुडे बंद.

"घे! अरे घे ना!" महाराज. पाणी मात्र ढिम्म.

मी धक्क्याच्या कडेला उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर बोलले. "सागरा, घे श्वास!" मी चिमटा सोडला. भसाभस बुडबुडे! "थांब!" दुमडली. थांबले. "घे!" आले. "थांब!" थांबले.

"माझ्यात काही शक्ती नाही," मी रिमोट उंच धरला. "आमच्या भोपळ्याकडे चिमटा आहे आणि महाराजांच्या शेडमध्ये..."

फाट्! कोंडलेल्या हवेने शेडमधली नळी निसटली. फुस्सऽऽ करत धूळ उडाली आणि आतून महाराजांचा चेला कान धरून बाहेर पळाला. बंदराच्या अधिकाऱ्याने दार सताड उघडलं. आत हवा भरायचा कॉम्प्रेसर धडधडत होता. पंक्चरच्या दुकानात असतो ना, तसाच. त्याची धडधड कुणाला ऐकू येऊ नये म्हणून ते संगीत!

लोकांनी आरडाओरडा सुरू केला. एवढ्यात भोपळा प्रवाहाने थोडा सरकला आणि त्याच्या दिव्यांचा उजेड दुसरीकडे पडला. पडद्यावर औषधांचा खच दिसला. गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, पंप. एका पंपात खेकडा घुसून बसला होता. त्याच्या शेजारच्या निळ्या पंपावर मांजराचं चित्र चिकटवलेलं होतं.

"माझी मनी," चिमणी धापा टाकत म्हणाली.

आईने पडद्याकडे पाहिलं. मग हातातली बाटली खाली ठेवली आणि मावशीपुढे हात पसरला. "दे तो पंप."

चिमणीने पंप ओढला. आम्ही तिघी तिच्या खांद्यांकडे बघत राहिलो. ते हळूहळू खाली बसले. आई रडत होती, पण तिची पकड पक्की होती. तशीच ती चिमणीला थेट डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

दवाखान्यात आईने विचारलं, "एवढी वर्षं पंप का लागतो? सवय नाही ना लागत? नेमकं होतं काय छातीत?" डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला आणि श्वासाच्या नळ्या काढून, त्या सुजतात कशा, पंप काय करतो, सगळं समजावलं. शेवटी म्हणाल्या, "हे मी आधीच सांगायला हवं होतं." महाराज आईशी तासन्‌तास बोलायचे आणि दवाखान्यात तिला नुसती औषधाची चिठ्ठी मिळायची. फसवणुकीला एवढी फट पुरते.

महाराजांची चौकशी चालू आहे. तळावरची औषधं आम्ही भोपळ्याच्या चिमट्याने वर काढतोय, कारण समुद्राने काही कुणाचं घोडं मारलेलं नाही. आई डबा घेऊन येते आणि मावशीला प्रश्न विचारून हैराण करते.

तुम्हीही विचारा. महाराजांना विचारा, डॉक्टरांना विचारा, मावशीला आणि मलासुद्धा विचारा. खरं असेल ते प्रश्नाने मोडत नाही. आणि ज्याला प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका.