पाळीवरचे कडुलिंब

आमच्या गावचं धरण म्हणजे पारोळ्याच्या अलीकडे, दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेली मातीची पाळ. त्याने फार रान भिजत नाही. पण त्यातलं पाणी जमिनीत झिरपतं आणि खालच्या तीन गावांच्या विहिरी त्यावरच उन्हाळा काढतात.

पाळ उघडीबोडकी दिसते म्हणून गेल्या वर्षी गावाने तिच्यावर कडुलिंबाची रोपं लावली. भिकुबाईने नातीच्या नावाचं एक लावलं आणि उन्हाळाभर डोक्यावरून हंडे नेऊन जगवलं.

मी निवृत्त ग्रंथपाल, नको ते वाचण्याची खोड असलेला. एका पुस्तकात वाचलं, की मातीच्या पाळीवर झाड वाढू देऊ नये. मुळं आत शिरतात, पुढे कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढतं, पाळ फुटू शकते. मला वाटलं, मीच चुकीचं समजलो असेन. ओळखीच्या अभियंत्याला फोन केला. तो म्हणाला, "लहान आहेत तोवर काढा. खड्डे मात्र थराथराने दाबून भरा."

आता हे भिकुबाईला कोण सांगणार? मी तिची गल्ली टाळून वाचनालयात जाऊ लागलो.

तेवढ्यात श्रावणातला कानबाई देवीचा सण आला. सुरतेला गेलेली माणसंही घरी परतली. सोमवारी विसर्जनाला सगळं गाव वाजतगाजत पाळीवर जमलं. विसर्जन झालं, वाजंत्री दम खायला थांबले, आणि मी झाडांचं हळूच बोलून गेलो.

"जोरमा बोला, नाना!" सरपंच छगनभाऊ ओरडले.

मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. सगळे भिकुबाईकडे बघू लागले.

"झाडं लावतांना तुम्ही कोठे व्हतात, नाना?" तिने विचारलं.

"तिथंच होतो, अक्का. तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आन् माहीत पडनं तवय?"

"तेव्हा तुमची भीती वाटली."

लोक खो खो हसले. भिकुबाई हसली नाही. ती आपल्या रोपापाशी गेली, त्याच्या बुंध्याशी हात लावून उभी राहिली. मग तिने खाली पाहिलं. तिचीही विहीर खालीच होती.

"कापानं नही," ती म्हणाली. "मुळंसकट काढा. खाले मन्हा बांध शे, बठ्ठी तठे लावा. आन् पानी आते नाना टाकतीन."

कुदळी आल्या. मुळांना माती धरून सगळी रोपं खाली तिच्या बांधावर गेली, पाळीवर खड्डे उरले. ते दाबायला काही साधन नव्हतं.

"पाय शेतंस ना!" भिकुबाई म्हणाली आणि वाजंत्र्यांकडे वळली. "वाजाडा रे!"

माती पडली, पाणी शिंपडलं, आणि बाया खड्ड्यांवर नाचू लागल्या. पुन्हा थर, पुन्हा नाच. छगनभाऊ धोतर सावरत शिरले. मी कडेला उभा राहून माती नीट बसतेय की नाही याची काळजी करत होतो. भिकुबाईने माझा हात धरून खड्ड्यात ओढलं.

"वाचीसन दाबाई का ती? नाचा!"

मी नाचलो. वाईटच नाचलो, पण माझ्या पायाखालची माती चांगली घट्ट बसली.