खिडकीपर्यंतचं अंतर्ज्ञान

हॉस्पिटलचं फाटक, मध्ये रस्ता आणि पलीकडे स्पर्शमहाराजांचा मांडव. दुपारी बाराला केसपेपरची खिडकी बंद झाली, की अख्खं गाव आपापले घडी घातलेले केसपेपर घेऊन तिकडे धावायचं. महाराज डोळे मिटून बसलेले असायचे. सेवेकऱ्याने पेपरवरचा नंबर पुकारून तो त्यांच्या कपाळाला लावला, की ते बोलायचे, "गुडघा. उजवा. जिना उतरताना कळ येते." समोरची म्हातारी हंबरडा फोडून पाया पडायची आणि गर्दी चकित व्हायची. पेपर उघडणं नाही, माणसाकडे बघणं नाही, नाडी धरणं नाही. डॉक्टरलोक मग एवढी वर्षं शिकतात तरी कशाला, असं कुणालाही वाटलं असतं.

सगळ्यात जास्त वाटायचं ते भोंग्याला. भोंगा म्हणजे हॉस्पिटलचा केसपेपर क्लार्क. वीस वर्षं खिडकीमागे बसून, बाहेरच्या गलक्यावर मात करता करता त्याचा आवाज असा तयार झाला होता, की फाटकाबाहेरचा सायकलवाला दचकायचा. "नंबर सतरा! काय होतंय? जुलाब? किती वेळा? अहो लाजताय काय, मोठ्याने सांगा!" मग पेपरची घडी घालून तो वर लाल शाईने ठसठशीत सतरा लिहायचा. दुपारी हाच सतरा नंबर मांडवात जायचा, महाराज "जुलाब, चार वेळा" म्हणायचे आणि गर्दीत उभ्या असलेल्या भोंग्याच्या अंगावर काटा यायचा. यांना कसं कळलं असेल?

महाराज हॉस्पिटलच्या विरोधात मुळीच नव्हते. ते फक्त एवढंच सांगायचे, "हॉस्पिटलच्या गोळ्या निर्जीव असतात. माझ्या पायाशी ठेवा, मी त्यात प्राण फुंकतो. मग सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, तीन दिवस." तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा आणि गाव महाराजांचे पाय धरायला पळायचं.

मग नगराध्यक्षांच्या सुपीक डोक्यात आलं, की महाराज असताना हॉस्पिटल हवंच कशाला? इमारत आश्रमाला द्यावी, आजारी माणसांनी मोठ्या शहरात जावं. बसने दोनच तास तर लागतात! इमारतीचे दगड गावातल्याच आज्या-पणज्यांनी डोक्यावरून वाहिले होते, पण ते कुणाला आठवतंय? अर्ध्या गावाने सह्या केल्या. भोंग्यानेही केली. आश्रमात चौकशीच्या टेबलावर आपल्यालाच बसवणार, असा शब्द त्याला मिळाला होता.

आठवा महिना लागलेली त्याची लेक माहेरी आली होती. तिने दोन दिवस बापाशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाबा, माझं बाळंतपण त्या चौकशीच्या टेबलावर करणार का?"

"महाराज आहेत ना," भोंगा म्हणाला खरा, पण शहराची शेवटची बस रात्री किती वाजता सुटते, ते तो शेजाऱ्याला विचारून आला.

दुसऱ्या दिवशी वाण्याची बायको मोठ्या सिस्टरांकडे रडत आली. तिला मूळव्याध होती. पण खिडकीवर भोंग्यासमोर कोण सांगणार? तिथे तिने डोकेदुखी सांगितली होती आणि खरं काय ते आत गेल्यावर सिस्टरांच्या कानात सांगितलं होतं. "सिस्टर," ती डोळे पुसत म्हणाली, "महाराजांनीही डोकंच दुखतंय म्हणून सांगितलं. मग मला ते दुसरं झालंच नाहीये का हो?"

सिस्टर आधी पोट धरून हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या आणि थेट खिडकीवर आल्या. तिचं नाव न घेता त्यांनी विचारलं, "काय हो, खिडकीवर सांगितलेलं खोटं महाराजांना कळतं आणि आत सांगितलेलं खरं कळत नाही. हे कसलं अंतर्ज्ञान?"

"ध्यान नीट लागलं नसेल," भोंगा म्हणाला.

"असेल. पण तो बाकावरचा माणूस बघा. तीन आठवडे पायाला बँडेज बांधून बसतोय. काल डावा पाय होता, आज उजवा आहे. त्याने एकदा तरी पेपर काढलाय का? आणि वहीत काय लिहितो तो सारखा?"

"नामजप लिहितात ते."

"मग जरा दर्शन घेऊन या त्या नामाचं."

भोंगा पाणी प्यायच्या निमित्ताने बाकामागून गेला. वहीत लिहिलं होतं: बारा, खोकला, रात्री जास्त. तेरा, खरूज, मांडीवर. सकाळपासून त्याने खिडकीतून ओरडलेला शब्द न् शब्द तिथे उतरला होता. त्याचे कान तापले. लोकांची झाकली दुखणी वीस वर्षं आपण चव्हाट्यावर मांडली, आणि त्यांवर पलीकडचे महाराज देव झाले! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

गुरुवारी मांडवात सभा भरली. आधी दर्शन, मग ठराव. महाराजांच्या कपाळाला पेपर लावण्याचा मान त्या दिवशी भोंग्याने मागून घेतला. लोहार दाढेवर हात धरून पुढे बसला. त्याचा नंबर नऊ. भोंग्याने मात्र दहा नंबरचा पेपर उचलला, आकडा मोठ्याने वाचला आणि पेपर कपाळाला टेकवला.

"आठवा महिना," महाराज मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "पाय सुजतात. चिंता नको. पुत्ररत्न होईल."

लोहाराने खाली आपल्या पोटाकडे पाहिलं. पोट तसं संशय यावा एवढं होतं. "महाराज," तो म्हणाला, "मुलगा झाला तर तुमचंच नाव ठेवतो. पण आधी दाढेचं बघा!"

मांडव हसून हसून लोळला. महाराजांनी एक डोळा उघडला, लोहाराच्या मिशा पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाले, "मागच्या जन्मी हा स्त्री होता. मला तो जन्म दिसला." गंमत म्हणजे काही जणांनी माना डोलावल्या आणि ते लोहाराकडे नव्या आदराने बघू लागले!

"तो मागचा जन्म नाही, माझ्या लेकीचा पेपर आहे!" भोंगा कडाडला. त्याला माईक लागत नव्हताच. नंबर, खिडकी, बाक, वही, सगळं त्याने सांगून टाकलं. "मी ओरडतो, तो लिहितो आणि हे बोलतात. माफ करा मला." बँडेजवाला तोवर दोन्ही पायांनी फाटकाबाहेर पळाला होता.

"पण मला गुण आला त्याचं काय?" शिंप्याने विचारलं.

"गोळ्या कुठल्या घेतल्या होत्या?" सिस्टरांनी विचारलं.

"हॉस्पिटलच्या."

"मग हॉस्पिटल गेल्यावर महाराज प्राण फुंकणार कशात?"

शिंपी डोकं खाजवत खाली बसला. नगराध्यक्षांनी घसा साफ केला. "ते ठीक आहे, पण आता ठराव छापून झालाय..."

तेव्हा भोंग्याची लेक कंबरेला हात देत उठली. "साहेब, पुढच्या महिन्यात कळा सुरू होतील. तेव्हा मी या मांडवात येऊ, की बसस्टॉपवर उभी राहू? एवढंच सांगा."

नगराध्यक्षांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी पुन्हा डोळे मिटून घेतले होते. पण आता कपाळाला कुणी पेपर लावला नव्हता, म्हणून त्यांना काही सुचेना.

भोंग्याने टेबलावरचा सह्यांचा कागद ओढला आणि सगळ्यांदेखत स्वतःची सही खोडली. "सही करताना मी एक प्रश्न विचारला नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज बसला होता. "यांना कसं कळलं, एवढाच. तुम्ही विचारत जा. ज्याला राग येईल, त्याला आपल्या हॉस्पिटलची किल्ली देऊ नका."

सगळ्यात आधी वाण्याची बायको उठली आणि तिने आपली सही खोडायला पेन मागितलं.