उंदीरमारीची कैफियत

मी एक जुनी रायफल आहे. हरणाची रायफल. 'हरणाची' हा शब्द मी मुद्दाम जोडून सांगते, कारण कांगस घराण्याच्या शिकारी झोपडीत अडतीस वर्षे मला 'उंदीरमारी' म्हणत आले, तेही माझ्यासमोर. मित्रांनो, तुम्हाला माझी दया यावी म्हणून मी ही हकिगत सांगत नाही. नोंद चुकीची झाली आहे. ती दुरुस्त व्हावी म्हणून सांगते.

पोलादाच्या भरीव दांड्याला लांब छिद्र पाडून माझी नळी तयार झाली. छिद्राच्या आत पीळदार चर कोरले, कारण गोळी स्वतःभोवती फिरत गेली तरच सरळ जाते. हे छिद्र पाव इंचाला केसभर कमी भरते. माझ्यावर पुढे जे जे आरोप झाले, त्या सर्वांचे मूळ एवढेच. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. पेटीत भरण्यापूर्वी तपासनिसाने माझ्यातून पाच गोळ्या झाडल्या. शंभर पावलांवर त्या पाचही गोळ्या कॉफीच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत लागल्या. त्याने कागदावर सही केली आणि पुढची रायफल उचलली. माझ्या आयुष्यातील ती पहिली शाबासकी, आणि ती लेखी होती.

मला वाइनो कांगस याने घेतले. सुपिरियर सरोवराच्या दक्षिणेकडील जंगलात तो लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करीत असे. माणूस बुटका, अबोल आणि हिशेबी. मला खांद्याला लावून त्याने पाहिले, दस्ता लांब वाटला, तेव्हा गिरणीत नेऊन त्याने तो बरोबर एक इंच कापला आणि मागे रबराची गादी बसवली. तेव्हापासून मी त्याच्या खांद्यात अशी बसले की डोळा आपोआप दुर्बिणीमागे येई. अकरा हिवाळे मी त्याच्याबरोबर काढले. दरवर्षी पंधरा नोव्हेंबरला हंगाम उघडे, वाइनो नारिंगी जाकीट घालून सीडरच्या झाडांनी भरलेल्या दलदलीकाठी बसे, आणि बहुतेक वर्षी माझा एकच बार होई. मग सौन्यात, त्यांच्या वाफेच्या न्हाणीघरात, पाणी तापे, आणि घरी महिनोन्महिने हरणाच्या मांसाच्या सारणाची करंजीसारखी पास्टी शिजे. हंगाम संपला की तो माझी नळी पुसून, तेलाचा हात फिरवून मला कपाटात ठेवी.

मग ते वर्ष आले. वाइनोचा धाकटा भाऊ उरहो याची स्वतःची बंदूक दुरुस्तीला गेली होती, म्हणून त्याने मला मागून नेले. काडतुसे त्याने गावच्या दुकानातून घेतली. डबीवर माझ्या नळीच्या मापाचाच क्रमांक होता, यात वाद नाही. पण त्याखाली आणखी एक ओळ छापलेली असते. ती त्याने वाचली नाही. ती काडतुसे कोल्ह्यांसाठी होती. त्यांची गोळी पातळ कवचाची, लागताक्षणी फुटून विखरावी अशी बनवलेली. उरहोने साठ पावलांवरच्या मोठ्या नराच्या खांद्यावर नेम धरला. नेम चुकला नाही. मीही चुकले नाही. गोळी मात्र खांद्याच्या हाडावर फुटली आणि आत गेलीच नाही. हरीण गुडघ्यावर आले, उठले आणि दलदलीत शिरले. दोघे भाऊ दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत फिरले. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि माग झाकला गेला.

त्या संध्याकाळी झोपडीत उरहो म्हणाला, "उंदीर मारायची बंदूक आहे ही. माझी चूक, मी हरणामागे नेली." सगळे हसले. वाइनो गप्प राहिला. अपराध कोणाचा हे मला ठाऊक होते, पण मला जे तोंड आहे ते बोलण्यासाठी केलेले नाही. पुढच्या वर्षी झोपडीतल्या सर्वांनी मोठ्या नळीच्या रायफली घेतल्या, वाइनोनेही घेतली. अर्धी राहिलेली ती डबी माझ्याच पिशवीत पडून राहिली आणि मी बर्फ उपसण्याच्या फावड्यांमागे गेले. वाइनो वर्षातून एकदा मला बाहेर काढून तेल लावी. म्हातारपणी त्याचे हात थरथरू लागले, तेव्हा तेही थांबले. माझ्या बोल्टवर, म्हणजे काडतूस आत सारणाऱ्या खिट्टीवर, गंजाचा एक ठिपका आला. नुसत्या गप्प राहणाऱ्या मालकाबद्दल प्रेम बाळगावे की राग, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

वाइनो गेला त्या वर्षी त्याची मुलगी हेल्मी अडतीस वर्षांची होती. ती शाळेची बस चालवते. शिकार तिने कधी केली नव्हती. वडिलांचे दफन झाल्यावर ती उरहोला म्हणाली, "काका, बाबांची जागा मला पाहिजे. झोपडीतली."

"स्वयंपाकाला ये की. तुझ्या हातची पास्टी कोण नको म्हणेल?"

"स्वयंपाकाला नाही. दलदलीकाठी बसायला."

उरहो वाईट माणूस नाही, हे मी सांगितलेच पाहिजे. त्याने तिला परवान्याच्या वर्गाला पाठवले. झोपडीचा नियमही सांगितला: हंगामाआधीच्या शनिवारी नऊ इंची कागदी बशी शंभर पावलांवर टांगायची, तीन गोळ्या झाडायच्या, तिन्ही बशीत लागल्या पाहिजेत. एक जरी बाहेर गेली तर त्या वर्षी बंदूक हातात नाही. मग त्याने आपली जुनी मॅग्नम, मोठ्या काडतुसाची जबर रायफल, तिच्या हाती दिली. "मोठ्या जनावराला मोठी गोळी. थोडं इकडेतिकडे लागलं तरी काम होतं."

मित्रांनो, हे शेवटचे वाक्य नीट ऐका. नवशिक्यांचा घात याच वाक्याने होतो.

हेल्मी महिनाभर त्या मॅग्नमशी झगडली. तिचा खांदा काळानिळा झाला, बसचे स्टिअरिंग फिरवताना ती ओठ चावू लागली, आणि बशी कोरीच राहिली. शनिवारला दहा दिवस उरले तेव्हा ती आर्वो हिएटालाच्या दुकानात गेली. आर्वो बंदुका दुरुस्त करतो. त्याआधी तीस वर्षे तांत्रिक विद्यालयात लेथ शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. मला तिने बरोबर नेले होते, ते मला देऊन टाकण्यासाठी.

"मास्तर, ही ठेवून घ्या. आणि या मोठीला जाडजूड गादी बसवून द्या. धक्का सोसवत नाही."

"आधी तू झाडताना बघू दे. गादीचं मग."

दुकानामागच्या मैदानात त्याने तिच्या कानांवर कर्णरक्षक चढवले. मॅग्नम प्रत्येक वेळी तो स्वतः भरून तिच्या हाती देऊ लागला. तिसऱ्या वेळी त्याने आत नकली काडतूस घातले. वजन तेच, दारू नाही. हेल्मीने चाप ओढला. बार झालाच नाही. तरीही नळीचे तोंड वीतभर खाली आपटले आणि तिचे डोळे गच्च मिटले.

तिने डोळे उघडून नळीकडे पाहिले.

"बंदूक हलली नाही, पोरी," आर्वो म्हणाला. "तू हलवलीस. धक्का यायच्या आधीच तू त्याला घाबरलीस."

"म्हणजे मला जमणार नाही."

"मी असं कुठं म्हटलं? ही तुला लांब होते, मान ताणावी लागते. त्यात गाढवासारखी लाथ मारते. डोळे उघडे ठेवून जी झाडता येते, ती आपली बंदूक. बाकी सगळी मिरवायची." मग त्याने मला उचलले. "ही कुणाची?"

"बाबांची. काका म्हणतात उंदीरमारी आहे."

आर्वोने माझा बोल्ट काढला, नळीतून उजेडाकडे पाहिले, गंजाचा ठिपका घासून काढला आणि मला तिच्या खांद्याला लावले. कापलेला तो एक इंच तिला तंतोतंत बसला. तिचा डोळा आपोआप दुर्बिणीमागे आला. तेवढ्यात आर्वोला पिशवीतली डबी सापडली. चष्मा कपाळावर चढवून त्याने ती वाचली आणि पुन्हा वाचली.

"ही कुणी आणली होती?"

हेल्मीने हरवलेल्या हरणाची गोष्ट सांगितली. लहानपणापासून ती ऐकत आली होती, जशी झोपडीत सांगत तशी. आर्वोने फडताळातून दुसरी डबी काढली आणि दोन्हीतले एकेक काडतूस तिच्या तळहातावर ठेवले.

"नंबर एकच आहे. ही गोळी ऐंशी ग्रेनची, कोल्ह्यासाठी. ही शंभराची, हरणासाठी. वीस ग्रेन म्हणजे सव्वा ग्रॅम, ते सोड. खरा फरक कवचात आहे. ही वरच्यावर फुटते. ही एकसंध राहते आणि आत फुप्फुसापर्यंत पोचते. अडतीस वर्षं चुकीच्या आरोपीला आत टाकलंय तुम्ही लोकांनी."

मी ते ऐकले. पहिल्यांदाच कोणीतरी मोजमाप करून बोलले होते.

पुढचे दहा दिवस हेल्मी रोज बस उभी करून मैदानात येई. आर्वो अधूनमधून नकली काडतूस घालीच. पाचव्या दिवसापासून माझी नळी जागची हलली नाही.

शनिवारी झोपडीपुढे बशी टांगली होती. मी पिशवीतून बाहेर येताच उरहोने कपाळाला हात लावला. "घ्या. उंदीरमारी आली. हेल्मी, इथं चीज पळवायला उंदीर येत नाहीत गं."

"बशी टांगली आहे ना काका? मग बघू."

पहिली गोळी बशीच्या मध्यापासून तीन बोटे डावीकडे लागली. दुसरी तिच्या शेजारी. तिसरीच्या आधी हेल्मी थांबली, श्वास सोडला, आणि डोळे उघडे ठेवून तिने चाप ओढला. तिन्ही भोके एका हाताच्या तळव्याखाली झाकली असती.

"बशी काय, बशी जागची हलत नाही," उरहो म्हणाला.

"आता तुमची पाळी," हेल्मी म्हणाली. "नियम सगळ्यांना ना?"

"नियम मी केलाय." पण सगळे पाहत होते, तेव्हा तो बसला. हेल्मीबरोबर आलेल्या आर्वोने उरहोची मॅग्नम भरून त्याच्या हाती दिली. उरहोने रुबाबात नेम धरला, चाप ओढला, आणि काहीच झाले नाही. फक्त मॅग्नमचे तोंड वीतभर खाली आपटले.

मग आर्वो म्हणाला, "नकली होतं, उरहो. कधीपासून मिटतोस डोळे?"

उरहोचे कान लाल झाले. हेल्मी हसली नाही. तिने ती जुनी डबी त्याच्या हातात ठेवली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवले. त्याने डबी हातभर लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली.

"अक्षरं बारीक आहेत," तो म्हणाला.

"तेव्हा तुम्ही सव्वीस वर्षांचे होतात, काका."

उरहोने डबी खिशात घातली. "उद्यापरवा हरीण समोर येईल तेव्हा कळेल. हाड काही बदललं नाही त्याचं."

हे मात्र त्याचे खरे होते. मी लहान आहे. हे मी नाकारीत नाही. म्हणूनच माझ्या मालकाला 'थोडे इकडेतिकडे' परवडत नाही. पंधरा तारखेला सकाळी साडेआठला एक नर सत्तर पावलांवर आला आणि थेट आमच्याकडे छाती करून उभा राहिला. हेल्मीच्या गालातल्या नाडीची धडधड मला दस्त्यातून कळत होती. मध्ये छातीचे जाड हाड होते. तिने चाप ओढला नाही. नर दोन मिनिटे उभा राहिला आणि आला तसा निघून गेला. ती रडली, आवाज न करता. मी तिच्या मांडीवर होते. माझ्या सबंध आयुष्यात माझ्यातून झाडलेल्या कोणत्याही बारापेक्षा या न झाडलेल्या बाराचा मला जास्त अभिमान आहे.

अकराच्या सुमारास दुसरे हरीण सीडरच्या कडेने आडवे चालत आले आणि थांबले. पुढच्या पायाच्या किंचित मागे, फुप्फुसावर नेम. बार झाला. हरीण उसळले, धावले, पडले.

बार ऐकून उरहो आला. हरणाजवळ उभा राहून त्याने टोपी काढली. मग त्याने गोळी लागली त्या जागेपासून पडल्या जागेपर्यंत पावले टाकली, मनाशी मोजत. छत्तीस. पुन्हा उलटा मोजत गेला. छत्तीसच.

"दोन दिवस," तो शेवटी म्हणाला. "दोन दिवस हिंडलो होतो आम्ही, मी आणि तुझा बाप. त्या डबीचं त्याला माहीत होतं का गं?"

"बाबा बोलले नाहीत कधी."

"तो कुठं बोलायचा." उरहोने हातमोजा काढून माझ्या दस्त्यावर, कापलेल्या जागी, अंगठा फिरवला. मला ते आवडले नाही, पण मी सहन केले. "माझ्या नातीला पुढच्या वर्षी परवाना मिळेल. अंगानं तुझ्यासारखीच आहे. ही... ही उंदी... ही रायफल शिकायला देशील?"

हेल्मीने माझा बोल्ट उघडला, उरलेली काडतुसे काढून खिशात टाकली आणि आतली जागा रिकामी असल्याची बोट घालून खात्री केली.

"रायफल न्या, काका," ती म्हणाली. "काडतुसं मी देईन."

मित्रांनो, हल्ली मी कुलपाच्या कपाटात राहते. काडतुसे दुसऱ्या कुलपात. नळी कोरडी, बोल्टला तेलाचा पातळ हात. एवढी निगा हा माझा हक्क आहे, उपकार नव्हे. तुम्ही कदाचित कधीच बंदूक हाती धरणार नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. पण कोणतेही हत्यार, कोणतेही यंत्र निवडाल, तेव्हा ते किती मोठे आहे हे इतरांना विचारत बसू नका. ते आपल्या अंगाला बसते का, आणि ते चालवताना आपले डोळे उघडे राहतात का, एवढे पाहा. डबीवरची खालची ओळ वाचा. आणि काम फसले तर दोष ठेवण्यासाठी सर्वांत मुके कोण आहे ते शोधू नका. उरहोने माझी क्षमा मागितलेली नाही. मीही ती दिलेली नाही. त्याची नात येत्या शनिवारी मैदानात येणार आहे. माझी नळी स्वच्छ आहे.